हरभऱ्याचे शेंडे आणि निळ्या टोपणाची नळी

माझ्या नोकरीचे वर्णन एका वाक्यात करायचे झाले, तर मी रक्त गोठण्याची वाट पाहतो. रामदासपेठेतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी ऐन विशीत लागलो आणि आता पन्नाशी ओलांडून बराच पुढे आलो. टेबल मात्र तेच राहिले. लग्नात, बारशात कोणी 'आपण काय करता?' असे विचारले, की हे वाक्य मी सांगून पाहिले आहे. समोरचा माणूस अर्धे पाऊल मागे सरकतो. म्हणून हल्ली 'लॅबमध्ये असतो' एवढ्यावर भागवतो. या अंकाच्या वाचकांना मागे सरकायला जागा नाही, तेव्हा जरा सविस्तर सांगण्याचे धाडस करतो.

रक्ताने शिरांमध्ये वाहते राहावे आणि शिरेला छिद्र पडताच गोठावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. काहींच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. पायाच्या शिरेत विनाकारण गुठळी होते आणि पोटरी सुजून दगडासारखी लागते. तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास अडतो. हृदयात झालेली गुठळी मेंदूकडे गेली, तर बोलता बोलता माणसाचे तोंड वाकडे होते आणि हातातला पेला गळून पडतो. अशांना एक गोळी देतात. लोक तिला रक्त पातळ करण्याची गोळी म्हणतात. वास्तविक रक्त पातळ होत नाही. ते गोठायला उशीर लावते, इतकेच. हा उशीर किती असावा हे डॉक्टर ठरवतात आणि किती झाला आहे हे मी मोजतो. उशीर कमी पडला तर गुठळीची भीती, आणि फार झाला तर साध्या धक्क्याने मेंदूत रक्तस्राव होण्याची.

तपासणी दिसायला सोपी आहे. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त न गोठू देणारे औषध आधीच घातलेले असते. नळी खुणेपर्यंतच भरावी लागते. रक्त कमी पडले तर औषध वरचढ होते आणि निकाल खोटा येतो. मग त्या रक्तातला वरचा पिवळसर द्रव घ्यायचा, अंगाच्या उष्णतेइतका कोमट करायचा, गोठवणारे द्रावण घालायचे आणि घड्याळ लावायचे. पूर्वी हे सारे हाताने होई. काचेची नळी उजेडासमोर हलकेच कलंडवायची, पुन्हा उभी करायची. एका क्षणी आतला द्रव कलंडत नाही. त्यात साईसारखा एक पडदा धरतो. तो क्षण मी हजारो वेळा पाहिला असेन, पण अजूनही मला त्याचे नवल वाटते. आता यंत्र आले आहे. ते आकडा देते आणि मान खाली घालून पुढच्या नळीकडे वळते. माझीही सवय हळूहळू तशीच झाली होती.

या टेबलाशी येणारी माणसे वर्षानुवर्षे येत राहतात, त्यामुळे ओळखी होतात. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आपला निकाल सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राच्या निकालाशी ते ताडून पाहत आणि मित्राचा बरा आला की माझ्यावर रुसत. 'त्याला जास्त मार्क कसे?' असा त्यांचा खरोखरीचा प्रश्न असे. दुसरे एक गृहस्थ सुई टोचताना डोळे मिटून मोठ्याने पाढे म्हणत. तेराचा पाढा आला की मीही अडखळत असे.

शेवंताबाई या सर्वांहून निराळ्या. भिवापूरजवळच्या एका खेड्यातून येत. लहानपणीच्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. तिच्या जागी धातूची बसवलेली. धातूच्या झडपेवर रक्त लवकर साकळते, म्हणून त्यांना जन्मभर ती गोळी. खुर्चीत बसल्या की दंड पुढे करून त्या नजर खाली वळवत, जणू शाळेतले प्रगतिपुस्तक वाचले जाणार आहे. याला कारण मीच होतो.

हिरव्या पाल्यात एक जीवनसत्त्व असते, जे या गोळीच्या नेमके उलट काम करते. पाला खाल्ला की रक्त लवकर गोठू लागते. म्हणून आमच्याकडे गोळी सुरू करताना आहाराबद्दल सांगण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते आवश्यकतेपेक्षा अधिक उत्साहाने केले. योग्य सल्ला असा, की रोज जेवढे खाता तेवढेच खा, त्यात चढउतार नको. पण हे समजावायला वेळ लागतो. 'पालेभाजी बंद' हे दोन शब्दांत होते. शेवंताबाईंना तर मी पुढे असेही म्हणालो होतो, की 'बाई, एक पान जरी खाल्लं तरी मला इथे नळीत कळतं.' त्या घाबरल्या, आणि मला ते आवडले. पथ्य पाळले जाईल असे वाटले.

त्या हिवाळ्यात त्यांचे रक्त हवे त्यापेक्षा लवकर गोठू लागले. हृदयविकाराच्या आमच्या डॉक्टर मॅडम शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी विचारले, 'पालेभाजी खाता का?' शेवंताबाई म्हणाल्या, 'नाई जी.' मी बाजूलाच उभा होतो. गोळ्या विसरता का, दुसरे काही औषध घेता का, हेही विचारून झाले. सगळ्याला नाही. झडपेवर गुठळी धरण्याचा धोका होता. मॅडमनी गोळीचे प्रमाण वाढवले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायला बोलावले.

दोन आठवड्यांनी त्या आल्या नाहीत. आल्या त्या बऱ्याच उशिरा, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, नव्या जांभळ्या पातळात, नवऱ्यासह.

'हे काय शेवंताबाई, इतका उशीर?' मी म्हणालो.

'लगनघर हाये भाऊ. कन्हानले यायच्या भाचीचं लगन हाये आज,' त्या नवऱ्याकडे मान करून म्हणाल्या. 'जाता जाता रगत देऊन जातो म्हटलं.'

गुलाबराव, त्यांचे यजमान, दारातूनच म्हणाले, 'लवकर घ्या साहेब. मी मामा हाये नवरीचा. मामा नाई पोचला तं पोरीले मांडवात कोन आनील?'

मी सुई लावली. नळी भरत असताना शेवंताबाई म्हणाल्या, 'डोकं जड वाटून राहिलं भाऊ सकाळपासून. बसमधी ब्रेक लागला तं समोरचा दांडा लागला कपायाले.'

मी काय म्हणालो? 'पाणी प्या, उन्हात फिरू नका.' माझी नजर नळीच्या खुणेवर होती. नळी खुणेपर्यंत अचूक भरली, याचे समाधानही मला झाले. ते दोघे निघून गेले.

दुपारच्या आत त्यांची नळी यंत्रात गेली आणि यंत्राने आकडा दिला नाही. मोजता येत नाही, अशी खूण तेवढी आली. अशा वेळी माझ्या मनात प्रथम नळीबद्दल शंका येते. ती योग्य भरली होती. द्रावण ताजे होते. खात्रीसाठी ठेवलेले नमुने बरोबर येत होते. मग मी जुनी काचेची नळी काढली, पाणी कोमट केले आणि हाताने करून पाहिले. उजेडासमोर नळी कलंडवत राहिलो. निरोगी माणसाचे गोठून जाईल, एवढा वेळ गेला. शेवंताबाईंचे गोठायला हवे होते, तो वेळही गेला. द्रव या टोकाकडून त्या टोकाकडे पाण्यासारखा सरकत होता. आणि मग, इतक्या वेळाने, मला त्यांचे सकाळचे वाक्य ऐकू आले. डोकं जड वाटून राहिलं भाऊ.

मॅडमना फोन केला. दांडा लागल्याचे सांगितले. ते मी ऐकून सोडून दिले होते, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, 'ते आपण नंतर बोलू. त्या कुठे आहेत?'

गुलाबरावांचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला तेव्हा बँडच्या आवाजातून त्यांचा आवाज आला.

'कोन? जोऱ्यानं बोला! वरात येऊन राहिली!'

'गुलाबराव, शेवंताबाईंना घेऊन ताबडतोब परत या.'

'काहून? रगत कमी पडलं काय?'

'रक्त गोठत नाही आहे त्यांचं. डोक्याला मार लागलाय, आत रक्तस्राव असू शकतो.'

'अहो, ती तं चांगली बसून हाये नवरीपाशी, हसून राहिली. लगन लागलं का निघतोच आमी, जेवन करून.'

'जेवण नको. आत्ता.'

'मी मामा हाये ना जी!' ते जवळजवळ ओरडले आणि बँडने बाकीचे गिळले.

मॅडमनी रुग्णवाहिका सोडली आणि मला म्हणाल्या, 'तुम्हीही जा. अनोळखी माणसं आली तर त्या उठायच्या नाहीत. तुमचं ऐकतील.' माझे ऐकतात हेच तर झाले होते, हे तेव्हा मला अजून ठाऊक नव्हते.

कन्हानला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात एकच गोष्ट करीत होतो, ती नळी कलंडवत होतो. मांडवाच्या अलीकडेच गाडी थांबवायला लावली. लग्नाच्या दारात रुग्णवाहिका नको. आत शिरताच एका उत्साही गृहस्थाने माझ्या कपाळाला टिळा लावला, हातात अक्षता दिल्या आणि 'पाहुणे इकून की तिकून?' असे विचारले. मी नवरीच्या मामीला शोधतो आहे, असे सांगितले. 'मंग आपल्याच इकून!' म्हणत त्याने मला थेट नवरीच्या खोलीपर्यंत नेऊन सोडले. वाटेत एक छायाचित्रकार माझी छबी टिपत होता.

शेवंताबाई नवरीच्या मुंडावळ्या सारख्या करीत होत्या. मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. उठून त्या बाहेर, खोलीच्या कोपऱ्याशी आल्या.

'तुमाले कयलंच ना भाऊ,' त्या हळू आवाजात म्हणाल्या.

'काय कळलं?'

'हरभरा.' त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. 'खोटं बोलली मी मॅडमले. शेतात शेंडे खुडता खुडता मूठ मूठ खाल्ला मी पाला, संक्रांतीपावतर. घरी तिखट-मीठ लावूनबी खाल्ला. पन मंग मॅडमनं गोळी वाढवली तवा मले लई लाज वाटली. म्हटलं, आपल्या पापानं वाढली. तवापासून एक पान तोंडात नाई घातलं भाऊ. हिरवी कोथिंबीरबी नाई. आईची आन.'

सगळे उलगडले. पाल्यामुळे रक्त लवकर गोठत होते, म्हणून आम्ही गोळी वाढवली. नेमक्या त्याच दिवसापासून त्यांनी पाला सोडला. आम्ही आमच्या बाजूने सुधारणा केली, त्यांनी त्यांच्या बाजूने केली, आणि दोन्हींची बेरीज कोणीच केली नाही. त्या चोरून खात राहिल्या असत्या, तर एकवेळ सुरक्षित राहिल्या असत्या. पश्चात्तापाने त्यांना इथवर आणले होते. पश्चात्ताप हा माझाही जुना आजार आहे. पण त्यालाही मात्रा असते, हे मला त्या मांडवात समजले.

'शेवंताबाई,' मी म्हणालो, 'पाला खाल्ला म्हणून मी आलो नाही. सोडला म्हणून आलो आहे. चूक माझ्या सांगण्याची आहे. तुम्ही फक्त चला.'

मला वाटते, त्यांना शब्दांपेक्षा माझा चेहरा समजला. एवढ्यात फेटा बांधलेले गुलाबराव घामाघूम होऊन आले. एकदा बायकोकडे, एकदा नवरीच्या खोलीकडे पाहू लागले.

'मंगलाष्टकं होऊ द्या ना साहेब. मंग मीबी येतो,' ते काकुळतीने म्हणाले.

निर्णय शेवंताबाईंनी घेतला. 'तुमी थांबा. पोरगी तुमच्याबिगर मांडवात येनार नाई. मी जाते भाऊसंग.'

'एकटीच काहून वं?'

'एकटी कुठं? भाऊ हाये ना.'

रुग्णवाहिका पाहून त्या थबकल्या. 'ह्या गाडीत? लोकं म्हनतीन, शेवंता मेली का गा?' मी हसलो. हसता आले याचे मला आश्चर्य वाटले.

मॅडमनी फोनवर एकच सूचना दिली होती, की त्यांना बोलते ठेवा. शब्द अडखळले किंवा गुंगी आली तर लगेच कळवा. म्हणून मी विचारले, हरभऱ्याचे शेंडे खुडतात तरी कशाला? शेवंताबाई स्ट्रेचरवर पडून मला शिकवू लागल्या. शेंडा खुडला की झाड वर जात नाही, बाजूने फुटते. जास्त फुटवे, जास्त घाटे. पाल्याच्या अंगावर आंबूस खार असतो, तो बोटांना झोंबतो. धुऊ नये, धुतला की चव गेली. मी त्यांच्या प्रत्येक शब्दाचा शेवट नीट येतो का, हे ऐकत होतो. इतके लक्ष देऊन मी त्यांचे बोलणे त्याआधी कधी ऐकले नव्हते.

कन्हान नदीच्या पुलावर त्या एकाएकी गप्प झाल्या. डोळे मिटलेले. 'शेवंताबाई!' मी ओरडलोच.

त्यांनी डोळे उघडले. 'काहून ओरडता गा भाऊ? नदीले हात जोडून राहिली ना मी.'

डोक्याच्या स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक पांढरी कोर दिसली, बीजेच्या चंद्रापेक्षाही बारीक. ते ताजे रक्त होते. मेंदू अजून दबला नव्हता. पण गोठणे सुरू झाले नाही तर ती कोर वाढत जाणार होती. मॅडमपुढचा पेच मला दिसत होता. रक्ताला गोठण्याची शक्ती परत द्यायची, तर धातूच्या झडपेवर गुठळी धरू शकते. ती सुटून पुन्हा मेंदूकडेच जायची. न द्यावी, तर ही कोर. मेंदूच्या शल्यचिकित्सकांशी बोलून त्यांनी ठरवले: गोळी थांबवायची, प्लाझ्मा द्यायचा आणि त्या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सलाइनमधून सावकाश सोडायचे. त्या भरभर बोलल्या, पण एकही सूचना त्यांना दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

शेवंताबाईंनी मला विचारले, 'हे कायचं इंजेक्शन हाये?'

मी सांगितले, 'पाल्यात जे असतं ना, तेच.'

त्यांनी सलाइनच्या बाटलीकडे पाहिले. 'म्हंजे हरभराच देऊन राहिले ना मले? मंग तिखट-मीठ तरी लावा म्हना.' परिचारिकेला हसू आवरेना. मॅडमही हसल्या.

त्यानंतरची नळी मी यंत्रात घातली नाही. म्हणजे नंतर घातली. आधी हाताने केली. कोमट पाणी, द्रावण, उजेड. कलंडवले, उभे केले. कलंडवले, उभे केले. आणि मग द्रव कलंडता कलंडता थांबला. मधोमध तो पडदा धरला, इतका नाजूक की श्वास लागला तर हलेल. मी नळी धरून उभाच राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, 'काय झालं सर?' मी म्हणालो, 'गोठलं.' आम्ही दिवसभर हेच करीत असतो, तेव्हा त्याला त्यात विशेष काय ते कळले नसावे.

दुसऱ्या स्कॅनमध्ये कोर तेवढीच होती, नंतरच्या स्कॅनमध्ये फिकट. झडपेने दगा दिला नाही. यथावकाश गोळी पुन्हा सुरू झाली, बेताची. गुलाबराव संध्याकाळी फेट्यासकट आले होते. एका हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा, दुसऱ्या हाताच्या मुठीत अक्षता. त्या त्यांनी बायकोच्या डोक्यावर टाकल्या, दांडा लागला होता तिथे लागणार नाहीत अशा बेताने. 'लागलं वं लगन,' एवढेच म्हणाले आणि पलंगाशी बसून फेट्याच्या टोकाने डोळे पुसू लागले.

मॅडम 'ते आपण नंतर बोलू' म्हणाल्या होत्या, आणि बोलल्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. ते मला जड गेले. पालेभाजीबद्दल आम्ही सांगण्याची पद्धत बदलली. आता मी कोणाला 'बंद' म्हणत नाही. काय पिकते, काय खाता, कोणत्या महिन्यात, असे विचारतो आणि उत्तर पुरे होईपर्यंत सुईला हात लावत नाही. 'मला इथे नळीत कळतं', हे वाक्य मी पुन्हा उच्चारलेले नाही. नळी फक्त एका क्षणाचे सांगते. बाकीचे माणसालाच विचारावे लागते, आणि त्याने भीती न वाटता सांगावे असे वागावे लागते.

पुढच्या हिवाळ्यात शेवंताबाई खुर्चीत बसल्या आणि दंड पुढे करण्याआधीच म्हणाल्या, 'रोज एक मूठ भाऊ. कमी नाई, जास्त नाई. गोळी त्याच हिशोबानं ठेवा म्हना.' माझ्याकडे थेट पाहून म्हणाल्या. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला हरभऱ्याचा कोवळा पाला काढून टेबलावर ठेवला. 'हे तुमच्यासाठी. धुऊ नका.'

त्यांच्या पाठीमागे उभी असलेली तरुणी म्हणजे ती भाची, हे मी ओळखले नव्हते. ती हसत होती.

'मामी फोटोत कुठंच नाई काका,' ती म्हणाली, 'पन तुमी हाये. टिळा लावून, अक्षता घेऊन, एकदम समोर. सासरचे लोकं अल्बम पाह्यतात अन् विचारतात, हे कोन?'

'मग काय सांगता?' मी विचारले.

उत्तर शेवंताबाईंनी दिले. 'काय सांगाचं? मामीचा भाऊ हाये म्हनलं. मांडवातून माहेरी न्याले आल्ता.' आणि त्यांनी दंड पुढे केला.

दुपारच्या डब्यात तो पाला कांदा, तिखट, मीठ आणि कच्चे तेल लावून खाल्ला. धुतला नाही. त्यांच्या नळीचा आकडा तोवर आला होता, हवा तसा.